जिल्ह्याची ॲथलेटिक्स संघटना खेळाडू घडवते का? तपासायचं कसं

पोरगी शाळेच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकते, पीटीचे सर घरी फोन करून सांगतात, "हिला जिल्हा संघटनेच्या मीटला उतरवा," आणि आईवडील पहिल्यांदाच एखाद्या क्रीडा संघटनेच्या टेबलापाशी जाऊन उभे राहतात. फॉर्म, फी, आधारची झेरॉक्स, जन्मदाखला, चेस्ट नंबर. संघटना कशी आहे हे विचारायचं सुचत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "यंदा राज्याला आपली अमुक इतकी पदकं आली."

पदकांचा हा आकडा खोटा नसतो. पण संघटना खेळाडू घडवते की आपोआप घडलेल्या खेळाडूंची फक्त एंट्री पाठवते, ते त्यातून कळत नाही. हे तपासायची एक साधी पद्धत खाली देतो. पालक, नवे कोच, संघटनेच्या कार्यकारिणीवर नव्याने आलेली मंडळी, स्थानिक बातमीदार आणि गावातल्या मुलांना बूट घेऊन देऊ पाहणारा एखादा दुकानदार, यांपैकी कुणालाही ती जमेल. एक वही, थोडी फोनाफोनी आणि दोन-तीन महिन्यांतले मोकळे रविवार एवढं लागेल. उदाहरण ॲथलेटिक्सचं घेतलंय, कारण इथे सगळं सेकंदात आणि मीटरमध्ये लिहिलेलं असतं. जलतरणाला हीच पद्धत जवळपास जशीच्या तशी लागू पडते. कबड्डी, खो-खोला मात्र चौथ्या पायरीवर अडखळायला होईल, कारण तिथे टायमिंग नसतं, सामने असतात.

पहिली पायरी: कुठली शिडी कुणाची, ते आधी समजून घ्या

महाराष्ट्रात मुलं एकाच वेळी दोन शिड्यांवर चढत असतात आणि नव्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. पहिली शिडी सरकारी. शालेय क्रीडा स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात. तालुका, जिल्हा, मग आठपैकी आपला विभाग, मग राज्य आणि तिथून शालेय राष्ट्रीय स्पर्धा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जिल्ह्यात हा कारभार जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे असतो.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा संघटना राज्य संघटनेला संलग्न आणि राज्य संघटना भारतीय ॲथलेटिक्स महासंघाला. इथले वयोगट १४, १६, १८, २० आणि मग खुला गट. महासंघाची आंतरजिल्हा ज्युनिअर स्पर्धा, म्हणजे ग्राउंडवरच्या भाषेत 'निडजॅम', हिला जिल्ह्याचा संघ थेट राष्ट्रीय पातळीवर उतरतो. देशभरातून पाच हजारांहून जास्त पोरं येतात. जिल्हा संघटनेच्या कामाचा आरसा म्हणून हीच स्पर्धा सगळ्यात जवळची.

दोन्ही शिड्यांवर मुलं तीच, ग्राउंड तेच आणि कित्येकदा शिट्टी वाजवणारे सरही तेच. त्यामुळे शालेय स्पर्धेतलं पदक संघटनेच्या अहवालात आणि संघटनेचं पदक शाळेच्या बॅनरवर झळकतं. यात लबाडी असतेच असं नाही, पण हिशेब करताना दोन वेगळे रकाने पाडा.

याच टप्प्यावर संलग्नतेचं पत्र पाहून घ्या. एकाच खेळाच्या दोन-दोन, तीन-तीन संघटना असण्यात आपल्याकडे नवल नाही. कुठल्याही राष्ट्रीय महासंघाला न जोडलेली मंडळी 'नॅशनल' भरवतात, भरमसाट फी घेतात, नेपाळला नेऊन 'इंटरनॅशनल'ही करून आणतात. घरी भलंमोठं मेडल येतं. पुढे सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला गेलं की तो कागद टिकत नाही.

दुसरी पायरी: पाच वर्षांचे निकाल गोळा करा

जिल्हा मीटचे मागच्या पाच वर्षांचे निकाल सेक्रेटरींकडे मागा. नीट चालणारी संघटना पीडीएफ पाठवते. नसतील तर कोचमंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप, स्थानिक पेपरांची कात्रणं आणि शाळांतल्या पीटीच्या सरांच्या फायली. राज्य संघटनेच्या निकालांतून आपल्या जिल्ह्याची नावं वेगळी काढता येतात. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, इव्हेंट, टायमिंग किंवा अंतर, शाळा किंवा क्लब आणि तालुका लिहा.

तालुक्याचा रकाना विसरू नका. यादी पुरी झाली की नुसती त्याच रकान्यावरून नजर फिरवा. जिल्ह्याच्या ठिकाणचे दोन क्लब सोडले तर बाकी तालुक्यांतून नावंच नसतील, तर ती नावापुरतीच जिल्ह्याची संघटना. लांब पल्ल्याच्या धावपटूंचं पाहा. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची, अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, कविता राऊत नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातल्या सावरपाड्याची. यांतलं एकही गाव जिल्ह्याच्या स्टेडियमला लागून नाही.

तिसरी पायरी: एक बॅच धरा आणि तिचा माग काढा

सगळ्या कामातली ही खरी पायरी. वेळ कमी असेल तर बाकीच्या गाळा, ही करा.

पाच वर्षांपूर्वीची १४ वर्षांखालील यादी घ्या. मुलं आणि मुली दोन्ही, प्रत्येक इव्हेंटचे पहिले सहा. फक्त पहिल्या तिघांवर भागवू नका. या वयात पहिले तीन येणाऱ्यांत लवकर वाढलेली मुलं जास्त असतात. तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेला, इतरांपेक्षा वीतभर उंच असलेला मुलगा गोळाफेकीत पहिला येणारच. दोन वर्षांनी बाकीची पोरं त्याच्या उंचीला येतात आणि त्याचा पहिला नंबर जातो. चौथा-पाचवा आलेला किडकिडीत मुलगा अठराव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असू शकतो. मात्र तोवर कुणीतरी त्याला ग्राउंडवर टिकवून ठेवलेला असायला हवा, आणि संघटनेची परीक्षा या चौथ्या-पाचव्या पोराच्या बाबतीतच होते.

जन्मतारखांचा आणखी एक उपयोग आहे. वयोगटाची रेघ ज्या तारखेला मारली जाते, तिच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं गटात सगळ्यात मोठी असतात. संघातली बहुसंख्य नावं त्याच तीन-चार महिन्यांतली निघाली, तर निवड करणारे गुणाऐवजी वाढ बघतायत असं समजायला हरकत नाही.

आता फोन. शाळेतले सर, जुना कोच, नाहीतर त्याच बॅचमधला एखादा बोलका मुलगा. एका बॅचची खबर दोन-तीन जणांकडून मिळून जाते. प्रत्येक नावापुढे चारांतलं एक लिहा: अजून ॲथलेटिक्समध्ये आहे, दुसऱ्या खेळात गेला, भरतीकडे वळला, सुटला.

'भरती' वेगळी का? पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. ग्राउंडवर घाम गाळलेल्या पोरांना ही वाट अगदी ओळखीची. कोरडवाहू गावातल्या घरात वर्दी येणं ही मोठीच गोष्ट आहे, तिला अपयश म्हणायची माझी तयारी नाही. पण ८०० मीटरचा जिल्ह्यातला सगळ्यात चांगला मुलगा अठराव्या वर्षी भरतीकडे वळतो आणि पुन्हा कधीच स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालत नाही, तेव्हा स्पर्धात्मक खेळाची वाट तिथे संपते. असे किती, ते कळावं म्हणून रकाना वेगळा.

'दुसऱ्या खेळात गेला' हेसुद्धा वाईट धरू नका. ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. तिथून ती धावण्याकडे आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची) अंतिम फेरी धावून दहावी आली. उलट दिशेनेही मुलं जातात. लहान वयात दोन-तीन खेळ करू देणारी संघटना आणि कोच मला जास्त भरवशाचे वाटतात.

आता मुलींची यादी वेगळी काढून बघा. बहुतेक जिल्ह्यांत १६ आणि १८ या दोन वयोगटांच्या मधे ती एकदम आक्रसते. कारणं कुणालाही ठाऊक आहेत: दहावीचा क्लास, संध्याकाळी ग्राउंडवर दिवे नाहीत, कपडे बदलायला खोली नाही, स्पर्धेला सोबत बाई नाहीत, घरचे बाहेरगावी पाठवत नाहीत. यातली निम्मी कारणं संघटनेला दूर करता येण्यासारखी आहेत. केली का, ते विचारा.

दहावीचा आणखी एक खेळ असतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे त्या वर्षी एंट्र्या भराभर वाढतात. कधी ग्राउंडवर न दिसलेली पोरं भाला हातात घेऊन उभी राहतात. पुढच्या वर्षी गायब. अहवालात मात्र 'विक्रमी सहभाग' असं लिहिलं जातं. दहावीच्या वयाच्या एंट्र्या आणि त्याच पोरांच्या पुढच्या वर्षीच्या एंट्र्या शेजारी शेजारी मांडल्या की खरा सहभाग दिसतो.

समजा तुमच्या बॅचमध्ये ६० नावं होती. पाच वर्षांनी त्यातली १२ अजून धावतायत, उड्या मारतायत, फेकतायत. हा आकडा चांगला की वाईट, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. शेजारच्या जिल्ह्याची बॅच काढा, किंवा आपल्याच जिल्ह्याची त्याआधीची. गळती सगळीकडेच असते, जगभर असते. ज्युनिअर गटातले बहुतेक विजेते सीनिअरला दिसत नाहीत. तिच्याकडे लक्ष देणारं कुणी आहे की नाही, एवढंच आपण शोधतोय.

चौथी पायरी: पदकाशेजारी टायमिंग लिहा

तीनच एंट्र्या आलेल्या इव्हेंटमध्ये प्रत्येकाला पदक मिळतं. हातोडाफेक, पोल व्हॉल्ट, चालण्याची शर्यत, मुलींची अडथळा शर्यत यांत हे नेहमीचं. म्हणून पदकासमोर कामगिरी लिहा आणि तिच्यासमोर महासंघाने त्या वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ठरवलेला पात्रता निकष. जिल्ह्यातले पहिले तीन त्या निकषापासून किती लांब आहेत आणि हे अंतर पाच वर्षांत कमी झालं का, हे पदकांपेक्षा खूप बोलकं असतं.

टायमिंगची तुलना करताना हातातल्या घड्याळाची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ एकमेकांत मिसळू नका. १०० आणि २०० मीटरला हातघड्याळाच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४. जिल्ह्यात ११.२ धावलेला मुलगा राज्याला पुण्यातल्या बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर ११.४५ धावला की पालक हिरमुसतात. पण ११.२ म्हणजे ११.४४, म्हणजे पोरगं जवळपास तेवढंच धावलंय. मातीवरून सिंथेटिकवर आल्यावर खरं तर थोडं सुधारायला हवं होतं, तो प्रश्न वेगळा. वाऱ्याचंही तसंच. २०० मीटरपर्यंतच्या शर्यती, लांब उडी आणि तिहेरी उडीत पाठीमागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर ती कामगिरी विक्रमाला धरत नाहीत. 'जिल्हा विक्रम' म्हणून छापलेल्या आकड्यासमोर वाऱ्याचा आकडा आहे का ते पाहा.

वयोगट बदलला की साधनही बदलतं हे लक्षात असू द्या. मुलांचा गोळा १८ वर्षांखाली ५ किलोचा, २० वर्षांखाली ६ आणि खुल्या गटात ७.२६ किलोचा. भाला १८ वर्षांखाली ७०० ग्रॅम, पुढे ८००. गट बदलल्यावर अंतर कमी झालं म्हणजे पोरगा बिघडला असं नव्हे.

पाचवी पायरी: श्रेय कुणाच्या खात्यावर?

अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. आधी क्रॉस कंट्री धावला, २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य, हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ चा राष्ट्रीय विक्रम. माणूस आपला, घडला सैन्यात. असे खेळाडू राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सेनादलाकडून उतरतात. २०२३ च्या गोव्यातल्या स्पर्धेत महाराष्ट्र ८० सुवर्णांसह पहिला आला आणि २०२५ च्या उत्तराखंडातल्या स्पर्धेत ५४ सुवर्णांसह दुसरा. तिथे पहिलं होतं ६८ सुवर्णांचं सेनादल. गंमत म्हणजे उत्तराखंडात महाराष्ट्राची एकूण पदकं १९८ होती आणि सेनादलाची १२१. क्रमवारी सुवर्णांवर लागते, त्यामुळे तक्त्याचा कुठला रकाना दाखवायचा ते भाषण कोण करतंय त्यावर ठरतं.

स्वप्नील कुसाळेचंही तसंच. गाव कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, घडण राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, नोकरी मध्य रेल्वेत. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळालं, तेव्हा अभिनंदनाच्या फलकांवर कुणाकुणाचे फोटो होते ते आठवून बघा.

म्हणून प्रत्येक चांगल्या खेळाडूपुढे तीन प्रश्न लिहा. तेराव्या वर्षी कुणाकडे होता? सोळाव्या वर्षी? एकोणिसाव्या वर्षी? शाळा, क्लब, प्रबोधिनी, साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र, सैन्य, रेल्वे, खासगी ॲकॅडमी, जे असेल ते. दहा-पंधरा नावांचं असं लिहिलं की जिल्ह्याचा नकाशाच उभा राहतो.

नाशिकचा नकाशा या कामी बघण्यासारखा आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला ब्राँझ आणि ग्वांगचौच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणारी कविता राऊत, नंतर मॅरेथॉनची मोनिका आथरे, नंतर संजीवनी जाधव. तिघींच्या मागे प्रशिक्षक विजेंदर सिंग. एक कविता राऊत निघाली असती तर नशीब म्हणता आलं असतं. एकीमागून एक निघतात तेव्हा तिथे रोज सकाळी पाच वाजता उघडणारं काहीतरी असतं. तुमच्या जिल्ह्यात असं ठिकाण कुठलं, आणि संघटना त्याला मदत करते की आडवी जाते, हे शोधा.

संघटनेवर अन्यायही करू नका. कोचिंग करणं हे तिचं मुख्य काम नाहीच. वेळेवर स्पर्धा घेणं, चोख निकाल देणं, सरळ निवड करणं, पंच तयार करणं आणि पोरांना वर्षभरात पुरेशा शर्यती मिळवून देणं हे तिचं काम. वर्षाला एकच जिल्हा मीट होते की सहा महिन्यांत दोन-तीनदा धावायची संधी मिळते, हे मोजा. वर्षातून एकदाच स्टार्टर ऐकणारं पोर राज्याला जाऊन बावरणारच.

सहावी पायरी: एक दिवस ग्राउंडवर काढा

जिल्हा मीटच्या दिवशी सकाळी सातला जा आणि शेवटपर्यंत थांबा. उद्घाटनाची भाषणं किती वेळ चालतात ते घड्याळ लावून मोजा. पाहुण्यांची वाट बघत पोरं वॉर्मअप करून तासभर उन्हात उभी असतील, तर निम्मी परीक्षा तिथेच झाली.

मग लांब उडीच्या खड्ड्यापाशी जाऊन उभे राहा. प्रत्येक उडीनंतर वाळू सारखी केली जाते का? फळीच्या पुढे प्लॅस्टिसिन (पाय पुढे पडला की ठसा उमटणारी मऊ पट्टी) आहे की फाऊल नुसत्या नजरेने देतायत? माप घेताना टेपचं शून्याचं टोक वाळूतल्या, फळीला सगळ्यात जवळच्या खुणेवर धरायचं असतं आणि आकडा फळीपाशी वाचायचा असतो, टेप फळीच्या रेषेला काटकोनात. मुलगी मागे हात टेकून पडली असेल तर माप हाताच्या खुणेपासून, पायाच्या नाही. आकडा सेंटीमीटरच्या मधे आला तर खालचा लिहायचा. हातघड्याळाची वेळ मात्र वरच्या दशांशाला जाते; ११.१३ म्हणजे ११.२. या दोन गोष्टी तिथल्या पंचांना विचारून बघा. पटकन उत्तर मिळालं तर त्या मीटच्या निकालांवर तुमचा विश्वास बसायला हरकत नाही.

अडथळा शर्यत आली की हर्डलच्या खांबावरचा आकडा वाचा. १८ वर्षांखालील मुलांच्या ११० मीटरला ९१.४ सेंटीमीटर, २० वर्षांखाली ९९.१, खुल्या गटात १०६.७. 'चालतंय हो' म्हणत सगळ्यांना एकाच उंचीवर पळवलं, तर त्या पोरांची खरी ओळख राज्य स्पर्धेत होते, तीही गुडघे फोडून घेऊन.

लहान गटाकडे जास्त लक्ष द्या. निडजॅममध्ये १४ वर्षांखालील मुलांसाठी ट्रायथलॉन ठेवलंय. त्यातल्या एका गटात ६० मीटर, लांब उडी आणि उंच उडी असे तीन प्रकार मिळून गुण मिळतात, म्हणजे पोराने सगळं थोडं थोडं करावं ही अपेक्षा. जिल्हा पातळीवर हे कितपत पाळलं जातं? की बारा वर्षांच्या मुलाला वर्षभर एकच इव्हेंट घोटवला जातो? आणि सर्वसाधारण विजेतेपदाच्या ढालीसाठी क्लब एकाच पोराला दिवसभरात चार इव्हेंटला पळवतात का? ढाल कपाटात जाते, पोटरी दुखते पोराची. ही ढालच बंद करावी असं माझं जुनं मत आहे, पण बक्षीस समारंभात आमदारांच्या हाती काय द्यायचं हा प्रश्न उरतो.

ॲम्ब्युलन्स, पिण्याचं पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, तीन हजार मीटर दुपारी एक वाजता लावलेलं नाही ना, हे चालता चालता टिपून घ्या. निकाल त्याच दिवशी बोर्डावर लागले का, तेही.

सातवी पायरी: निवड आणि वय

राज्य स्पर्धेसाठी नावं कशी ठरतात, ते स्पर्धेच्या आधी लेखी जाहीर झालेलं असावं. पहिले किती, किमान कामगिरी किती, आजारी खेळाडूला चाचणीची पुन्हा संधी आहे का. यादी त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर लागावी. चार दिवसांनी ग्रुपवर यादी येते आणि तीत मीटला न दिसलेलं एक नाव असतं, तेव्हा कारण विचारा. कधीकधी कारण खरंच असतं. मुलगा त्या दिवशी दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला गेलेला असतो.

ओव्हरएजचं दुखणं सगळ्या खेळांत आहे. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेले जन्मदाखले, शाळा बदलताना बदललेल्या तारखा या खुणा. वरच्या पातळीवर मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात आणि पोरं तिथे परत पाठवली जातात. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं अशी परत आली आणि त्यांच्या क्लबवर संघटनेने काय केलं, एवढंच विचारा. उत्तर देताना सेक्रेटरींचा चेहराही बघा.

आठवी पायरी: कोच आणि सोबत जाणारी माणसं

जिल्ह्यात काम करणाऱ्या कोचपैकी पटियालाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा किंवा सहा आठवड्यांचा कोर्स किती जणांनी केलाय, महासंघाचे किंवा जागतिक ॲथलेटिक्सचे लेव्हल कोर्स कुणी केलेत, याची यादी करा. नुसत्या प्रमाणपत्राने कोच होत नाही हे कबूल. पण संघटनेने पाच वर्षांत एकाही पीटी शिक्षकाला असा कोर्स करायला लावला नसेल, तर तिला पुढची फळी नकोय.

मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक जाते का, आणि तक्रार करायची तर कुणाकडे, हे पोरींना माहीत आहे का? इथे सवलत देऊ नका. बाकी सगळं उत्तम आणि हे नाही, तर माझ्या लेखी ती संघटना नापास.

गोळ्या, पावडरी, इंजेक्शनं याबद्दल संघटना पोरांना काही सांगते का, तेही बघा. 'नाडा'चं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, नो युवर मेडिसिन ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बंदी आहे का ते तपासता येतं. जिमच्या दुकानातून आणलेल्या डब्यात काय आहे हे मात्र त्यात कळणार नाही.

नववी पायरी: कागदपत्रं

क्रीडा संघटना बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. म्हणजे तिचा कागद धर्मादाय कार्यालयात सापडतो. शेड्यूल वनचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, उतारा काढा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. बॅनरवरचा अध्यक्ष आणि उताऱ्यावरचा अध्यक्ष वेगळे निघाले तर भांडण कुठेतरी मुरतंय. लेखापरीक्षण अहवालात खेळाडूंचा प्रवास, साहित्य आणि स्पर्धा यांवरचा खर्च एका बाजूला मांडा. सत्कार, स्मरणिका, ब्लेझर दुसऱ्या बाजूला. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय सरकारी आहे, त्यामुळे तिथून काय अनुदान गेलं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

राज्य स्पर्धेला जाताना किटचे आणि प्रवासाचे पैसे पालकांकडून घेतले जात असतील तर किती, पावती मिळते का, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय होतं?

दहावी पायरी: तुलना कुणाशी, आणि पुढे काय

गडचिरोलीची तुलना पुण्याशी करू नका. पुण्याला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे. कित्येक तालुक्यांत मुरमावर चुन्याने आखलेला दोनशे मीटरचा ट्रॅक मिळाला तरी खूप. शाळांची संख्या, ग्राउंडची स्थिती आणि अंतरं साधारण सारखी असलेला जिल्हा निवडा. सगळ्यात प्रामाणिक तुलना आपल्या जिल्ह्याची पाच वर्षांपूर्वीच्या स्वतःशी.

जे निघालं ते दोन पानांत लिहा. बॅचचा तक्ता पहिल्या पानावर, बाकी दुसऱ्यावर. पेपरात किंवा फेसबुकवर टाकण्याआधी ते सेक्रेटरींना नेऊन दाखवा आणि त्यांचं म्हणणं त्याच कागदावर घ्या. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात, आणि ग्राउंडची चावी कुठल्या खात्यात अडकलीय, पंचांचं मानधन दोन वर्षं का थकलंय, असं बाहेरून न दिसणारं बरंच कळतं. मग वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी दोनच मागण्या ठेवा. दहा ठेवल्या तर एकही होत नाही. माझ्याकडून सुचवायच्या तर निवडीचे निकष लेखी करा आणि वर्षाला आणखी एक मीट घ्या.

जुने निकाल जपलेलेच नाहीत असं उत्तर आलं, तर यंदाच्या मीटपासून निकाल टाइप करायचं काम स्वतःकडे मागून घ्या. नाही कुणी म्हणणार नाही; हे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सेक्रेटरी वर्षानुवर्षं माणूस शोधत असतात.